हलगी तुमची, आवाज तात्यांचा

प्रश्न असा आला आहे: कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या तात्यांचा, म्हणजे चुलत्यांचा, पोवाडा रेकॉर्ड करून आम्ही चॅनलवर टाकला. शब्द तात्यांचे, गायन तात्यांचं, मागे दोन झीलकरी आणि हलगी. कागद काही केला नाही, घरचंच काम. गेल्या महिन्यात एका फर्निचरच्या दुकानाची जाहिरात मोबाइलवर फिरायला लागली. आवाज हुबेहूब तात्यांचा, पण ते गाणं तात्यांनी कधी गायलेलंच नाही. प्लॅटफॉर्मकडे तक्रार केली, तर आठवड्याच्या आत आमच्याच मूळ व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा येऊन पडला. एआयवर सरकारचा कायदा आहे की नाही? आणि असला तर तो आमच्यासाठी आहे की कंपन्यांसाठी?

शेवटच्या वाक्यातला वैताग कळतो. एआय नावाचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं ५ नोव्हेंबर २०२५ ला मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातही सूर हाच की नवा कायदा तूर्त नको, आहेत ते वापरा. म्हणजे तुमची गाठ १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा या दोन जुन्या मंडळींशीच. ते तुमच्या कामाचे नाहीत असं मात्र नाही. फक्त ‘एआयनं आमचं चोरलं’ हे वाक्य घेऊन कोर्टात जाता येत नाही. आधी ते वाक्य फोडायचं: नेमकं काय काय उचललं, आणि त्यातलं काय कोणाचं होतं.

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही फायली मी रात्री हेडफोन लावून ऐकल्या. जाहिरातीत सुरुवातीला आवाज नाहीच, नुसती हलगी आहे. तिच्या मागे, चौथ्या आवर्तनानंतर, अगदी बारीक एक हाळी ऐकू येते: ‘भंगारेऽऽय’. तुमच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्याच जागी तीच हाळी आहे. गल्लीतून भंगारवाला चालला असणार आणि खिडकी नीट लागली नसणार. काडी कडेवर घसरून आलेला एक चुकार ‘टक्’ही दोन्हीकडे एकाच ठिकाणी. मला यापेक्षा चांगला साक्षीदार नको. पुढं आवाज सुरू होतो तिथं मात्र उलटं आहे. मूळ पोवाड्यात ‘जी रं जी’च्या आधी तात्या दम घेतात, तो ऐकू येतो. जाहिरातीतला गडी दम घेतच नाही.

या दोन गोष्टींतला फरक कायद्यात फार मोठा आहे. ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये सांगितलाय. ते ध्वनिमुद्रण ज्यात सामावलंय असं दुसरं ध्वनिमुद्रण करायचा हक्क त्याचा. हलगीचा तुकडा जसाच्या तसा उचलून जाहिरातीत बसवला, तर तो या व्याख्येत सरळ बसतो. आवाजाची नक्कल बसत नाही. तात्यांसारखा आवाज काढणं, मग तो माणसानं काढो की यंत्रानं, म्हणजे तुमचं ध्वनिमुद्रण वापरणं नव्हे. शब्द नवे आहेत, सोफासेटचे आणि हप्त्यांचे. ते तात्यांच्या पोवाड्यातून घेतलेले नाहीत. चाल पारंपरिक, ती कोणाचीच नाही. तेव्हा कॉपीराइटच्या नावानं भांडायला तुमच्या हातात हलगी आहे. तात्यांचा आवाज हा वेगळा मामला.

आता मालक कोण ते बघू. ध्वनिमुद्रणाचा मालक निर्माता, म्हणजे ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन रेकॉर्डिंग घडवलं तो. तुमच्या बाबतीत स्टुडिओ. शब्दांचे मालक तात्या. त्यांच्या हयातीपर्यंत आणि पुढं ६० वर्षं. गायनाचा म्हणून कलाकाराचा वेगळा हक्क असतो, ५० वर्षांचा, आणि तो तात्यांना जसा आहे तसा दोन्ही झीलकऱ्यांना आणि हलगीवाल्यालाही आहे. घरचं काम म्हणून कागद केला नाही, पण कागद नाही म्हणजे सगळं तुमचं असा त्याचा अर्थ होत नाही. कॉपीराइटचं हस्तांतर लेखी असावं लागतं, तोंडी चालत नाही.

इथं एक आठवण करून देतो, कारण कोल्हापूरकराला ती लगेच पटेल. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये आपल्या चपला झळकल्या आणि गावभर संताप झाला. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका टाकली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली. कोर्टाचं म्हणणं असं, की कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ पासून ज्यांच्या नावावर नोंदलंय ती महामंडळं आहेत. दाद मागायची तर त्यांनी मागावी, तुम्ही कोण? संताप खरा होता, पण तो घेऊन गेलेला माणूस चुकीचा होता. तुमचंही तेच होऊ शकतं. हलगीसाठी वादी तुम्ही. आवाजासाठी वादी तात्या स्वतः, त्यांच्या सहीच्या वकीलपत्रासह. पुतण्यानं काकांच्या आवाजाचा दावा लावला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला हाच मुद्दा काढणार.

आवाजाचं काय, तर इथं संसदेनं काही लिहून ठेवलेलं नाही, कोर्टांनी वाट पाडली आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या दाव्यात, त्यांच्या परवानगीशिवाय एआयनं त्यांचा आवाज तयार करून देणाऱ्यांना मनाई केली. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या दाव्यातही तसाच अंतरिम हुकूम झाला. कोणाचाही आवाज त्यांच्या आवाजात बदलून देणारं साधन उपलब्ध करणं हेच व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचं उल्लंघन, असं कोर्टानं म्हटलं. दोन्ही हुकूम आपल्या जिल्हा न्यायालयासमोर ठेवता येतात. अडचण एकच: दोन्ही ठिकाणी वादी अख्ख्या देशाला माहीत. तात्या तेवढे नाहीत. पण जाहिरात तरी कुठं अख्ख्या देशात फिरतेय? ती फिरतेय करवीर आणि कागलच्या मोबाइलांवर, जिथं तात्यांचा आवाज लोक ओळखतात. दुकानदारानं तो निवडला तोही ओळखीचा आहे म्हणूनच. शिवजयंतीच्या कार्यक्रमांची पत्रकं, मंडळांच्या पावत्या, वर्तमानपत्रातली कात्रणं, सगळं गोळा करा. ओळख ही पुराव्यानं दाखवायची गोष्ट आहे.

वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं विचाराल, तर २०२३ च्या त्या कायद्यावर सध्या फार भिस्त ठेवू नका. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. शिवाय माणसानं स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्या कायद्याच्या बाहेर ठेवली आहे. तात्यांचा आवाज तुम्हीच चॅनलवर टाकला, हे वाक्य समोरच्याच्या तोंडी मला आत्ताच ऐकू येतंय.

दावा कुठं लावायचा? कॉपीराइटच्या दाव्याला कलम ६२ ची सोय आहे: वादी जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा चालतो. प्लॅटफॉर्मचं ऑफिस कुठंही असो, तुम्हाला कसबा बावड्याच्या, म्हणजे आपल्या जिल्हा न्यायालयाच्या, पलीकडं जायची गरज नाही. आणि वर जायची वेळ आली तर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं आहेच. ज्यांनी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून सकाळी फोर्टात तारखा केल्या आहेत त्यांना विचारा याची किंमत. नुसत्या आवाजाच्या दाव्याला कलम ६२ लागत नाही, पण दुकान आणि जाहिरात दोन्ही इथलीच असल्यानं तिथंही अडचण नाही.

पण दाव्याच्या आधी पुरावा. यात मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका प्रकरणात जोशात येऊन आधी नोटीस पाठवली. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब, खातं गायब, आणि माझ्या फायलीत फक्त दोन स्क्रीनशॉट. तेव्हा आज संध्याकाळीच जाहिरातीची फाइल उतरवून घ्या. लिंक, खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एक सेकंद इकडचा तिकडं झाला की अंगठा बदलतो. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा, एक तज्ज्ञानं.

मग प्लॅटफॉर्म. इथं लोक दोन वेगळी घड्याळं एकात मिसळतात. फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती झाली आणि ‘तीन तासांत काढावं लागणार’ अशा बातम्या आल्या. ते तीन तास तुमच्या तक्रारीचे नाहीत. ते कोर्टाच्या हुकमाचे किंवा सरकारच्या अधिकृत सूचनेचे आहेत. तुमचं घड्याळ दुसरं: २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५. मालकानं लेखी तक्रार दिली, कोणतं काम, कुठली लिंक, हक्क कसा आला हे नीट सांगितलं, तर ३६ तासांत ते दिसणं थांबवायचं, आणि २१ दिवस थांबवून ठेवायचं. त्या २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा हुकूम आणला नाही तर प्लॅटफॉर्म ते परत दाखवू शकतो. मग त्याच मजकुराबद्दलची तुमची पुढची नोटीस ऐकायला तो बांधील राहत नाही. म्हणून दाव्याचा मसुदा तयार ठेवूनच ही तक्रार पाठवायची. आधी तक्रार पाठवली, मग वकील शोधला, तोवर गणपती आले, असं केलं की २१ दिवस संपलेले असतात.

त्याच दुरुस्तीतला दुसरा भाग तुमच्या जास्त कामाचा आहे. एआयनं बनवलेल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या मजकुरावर तसं लेबल हवं. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात लेबलनं दहा टक्के जागा व्यापावी असं होतं, ते अंतिम नियमांत राहिलं नाही, पण लेबल राहिलं. आवाज असेल तर सुरुवातीलाच ते ऐकवायचं. ज्यांचे ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते आहेत अशा मोठ्या प्लॅटफॉर्मनं टाकणाऱ्याकडून तशी कबुलीही घ्यायची आहे. तुमच्या जाहिरातीत असं काहीच नाही. ही गोष्ट तक्रारीत वेगळ्या परिच्छेदात लिहा, हलगीच्या खाली दाबून टाकू नका. तक्रार निवारण अधिकाऱ्यानं दाद दिली नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन अपील करता येतं.

तीन तासांबद्दल माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगतो. मला ती घाई पसंत नाही. तीन तासांत कोणी हुकूम वाचत नाही, विचार करत नाही, फक्त काढून टाकतो. याच महाराष्ट्रात पालघरला २०१२ मध्ये एका मुलीनं बंदबद्दल पोस्ट लिहिली, दुसरीनं लाइक केली, आणि दोघींना अटक झाली. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्द केलं. सरकारविषयीचा कोणता मजकूर खोटा हे सरकारच्याच सत्यशोधन कक्षानं ठरवायचं, ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. काढून टाकायचा अधिकार किती वेगानं आणि कोणाच्या हातात, यावरच या क्षेत्रातली निम्मी भांडणं आहेत. आणि घाईनं काढलं तर काय होतं हे तुम्ही आत्ता भोगताय.

तुमच्याच व्हिडिओवर दावा कसा आला? बहुतेक असं झालंय: जाहिरात बनवणाऱ्यानं गाणं एखाद्या वितरकामार्फत आपल्या नावावर नोंदवलं. प्लॅटफॉर्मची जुळणी करणारी यंत्रणा तारीख बघत नाही, आवाजाचा ठसा बघते. हलगीचा ठसा जुळला आणि चार वर्षं जुना व्हिडिओ चोर ठरला. हा स्वयंचलित दावा आहे की रीतसर काढून टाकण्याची नोटीस, ते आधी बघा. स्वयंचलित दाव्यात सहसा फक्त कमाई वळते. नोटिशीत व्हिडिओ जातो आणि चॅनलवर ठपका बसतो. नोटीस असेल तर प्रतिनोटीस भरा. फॉर्म अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइटविषयक कायद्याच्या साच्यातला असतो, राजारामपुरीतल्या माणसालाही तोच. दावेदारानं कोर्टात धाव घेतली नाही तर कामाच्या १० ते १४ दिवसांत व्हिडिओ परत यायला हवा. आपल्याकडं कॉपीराइट कायद्यात कलम ६० आहे, ते फारसं कोणी वापरत नाही: कॉपीराइटची पोकळ धमकी देणाऱ्याविरुद्ध दावा लावून मनाई आणि नुकसानभरपाई दोन्ही मागता येतात. मी असतो तर मुख्य दाव्यातच हे कलम घातलं असतं.

पोलिसांकडं जायचं का? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आहे, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट केलंय. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. तरी माझा सल्ला, दुकानदाराला आधी नोटीस. पाच-सात हजारांत जाहिरात करून देणाऱ्या कुठल्या तरी पोरानं हे केलेलं असतं आणि दुकानदाराला हलगी कुठून आली याचा पत्ताही नसतो. नोटीस मिळाली की तोच त्या पोराचं नाव सांगतो.

आता तो मोठा प्रश्न: कंपन्या मुळात सगळ्यांची गाणी, लेख, फोटो घेऊन यंत्रं शिकवतात, त्याचं काय? इथं प्रत्येक देशाचं वेगळं चाललंय. जपाननं २०१८ मध्येच कायदा बदलून बरीच मोकळीक दिली. युरोपात २०१९ च्या निर्देशानुसार मालक ‘माझं घेऊ नका’ असं सांगून ठेवू शकतो, आणि एआय कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. अमेरिकेत कोर्टच ठरवतंय. जून २०२५ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीच्या खटल्यात न्यायाधीश म्हणाले, पुस्तकांवरून यंत्र शिकवणं चालेल, पण चोरट्या साठ्यातून पुस्तकं घेणं चालणार नाही. मग दीड अब्ज डॉलरवर तडजोड झाली. म्युनिकच्या कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये गाण्यांच्या शब्दांबाबत चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध निकाल दिला. आपल्याकडं एएनआय या वृत्तसंस्थेनं २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयविरुद्ध दावा लावला आहे.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये डीपीआयआयटीच्या, म्हणजे केंद्राच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाच्या, समितीनं एक प्रस्ताव मांडला, तो प्रत्येक कलाकारानं समजून घ्यावा. कायदेशीर मार्गानं मिळालेलं कोणतंही काम एआय कंपनीनं शिकवायला वापरावं, मालकाला नाही म्हणता येणार नाही. बदल्यात कंपनीनं उत्पन्नातला वाटा एका मध्यवर्ती संस्थेकडं भरावा, दर सरकारनं नेमलेली समिती ठरवेल, आणि पैसे वाटले जातील. वाचल्या वाचल्या मला एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला दर, आठवली. दर सरकारी, वसुली एका ठिकाणी, कागदावर शेतकऱ्याचं हित. पण उसाला निदान गुऱ्हाळ आहे. कारखान्याशी नाही पटलं तर गुळाला घालतो म्हणता येतं. या प्रस्तावात गुऱ्हाळच नाही. आणि काटा? कारखान्याच्या काट्यावर विश्वास नाही म्हणून आपल्याकडं किती आंदोलनं झाली. इथं तर यंत्राच्या पोटात तात्यांचा पोवाडा किती गेला हे मोजणारा काटा कोणी दाखवलेलाच नाही. तरीही मी या प्रस्तावाला सरसकट विरोध करणार नाही. नाही म्हणायचा हक्क तात्यांना दिला तरी तो बजावायला ते कुठं कुठं जाणार? पाच पैसे का होईनात, घरी येणं हे काहीच न येण्यापेक्षा बरं. फक्त वाटपाच्या यादीत नाव लागायला काम कोणाचं आहे हे कागदावर हवं, आणि तुमच्याकडं तोच नाही.

म्हणून या आठवड्यात तात्या, दोन्ही झीलकरी आणि हलगीवाला यांना चहाला बोलवा आणि लिहून घ्या. मुदत लिहा, नाही लिहिली तर कायदा पाच वर्षंच धरतो. प्रदेश लिहा, नाही तर फक्त भारत धरला जातो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनुसार, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा धंद्यात वापरात नव्हतं, त्याचा हक्क स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाही. तेव्हा एआयनं आवाज तयार करायचा हक्क कोणाकडं, हे वेगळं कलम घाला. माझा सल्ला, तो तात्यांकडंच ठेवा. हलगीवाल्याला त्या चार वर्षांपूर्वीच्या कामाचं काही राहिलं असेल तर तेही त्याच दिवशी द्या. उद्या साक्षीला तोच लागणार आहे.

आणि स्टुडिओच्या हार्ड डिस्कवरची ती मूळ मल्टिट्रॅक फाइल उघडून ‘जरा साफ करून’ मला पाठवू नका. घरघर, खुर्चीची करकर, भंगारवाल्याची हाळी, सगळं आहे तसं राहू द्या. डिस्कच आणून द्या.